पंखावरचा अंगठा

वहिनीला हे माहीत नाही. माझ्या बायकोला नाही, आणि ज्याचा उजवा हात गेला त्या माझ्या थोरल्या भावाला तर नाहीच. तुम्हाला सांगतोय, कारण तुम्ही आमच्या मोताळ्याचे नाही. उद्या आठवडी बाजारात दादा तुम्हाला भेटेल आणि तुमच्या तोंडून काही निसटेल, ही भीती नाही. माझं धैर्य एवढंच आहे.

आमच्या बैठकीतल्या काचेच्या कपाटात एक लढाऊ विमान आहे. प्लास्टिकचं, वीतभर लांब. पाहुणे आले की दादा डाव्या हातानं ते बाहेर काढतो आणि सांगतो, "हे म्या लकवा मारल्यावर बनवलं." पाहुणे उलटसुलट करून बघतात, वाहवा करतात. मी तेवढ्यात चहाचं बघायला आत जातो. आमच्या घरात पुरुष चहाचं कधी बघत नाहीत, तरी इतक्या वर्षांत हे कुणाच्या लक्षात आलेलं नाही.

आधी माझ्या छंदाबद्दल सांगायला हवं — नाहीतर पुढचं नीट कळणार नाही. मी इथल्या कॉलेजात शिकवतो. सकाळचे तास, दुपार मोकळी. त्या दुपारी मी विमानांची किटं जोडण्यात घालवत आलो. महागडी किटं परवडत नाहीत असं मी लोकांना सांगतो. खरं म्हणजे मला स्वस्तातल्या किटचीच हौस. त्यात काही म्हणजे काही धड नसतं. पंख वाकलेले, धडाच्या दोन अर्ध्यांमध्ये नखभर फट, वैमानिकाच्या खुर्चीच्या जागी नुसता खड्डा. मग ते सुधारायचं. फटीत पुट्टी भरायची, वाळली की पॉलिश पेपरनं घासायची, सुईनं अंगावरच्या पत्र्यांच्या रेघा कोरायच्या, गोळ्यांच्या पाकिटाची चंदेरी पन्नी कापून खुर्चीला पट्टे करायचे. बिघडलेलं काम टेबलावर पडलेलं मला बघवत नाही. हा माझा गुण आहे असं मी पुष्कळ वर्षं समजत होतो.

दादा टेलर होता. बसस्टँडकडून येताना डाव्या हाताला त्याचं दुकान. वडील लवकर गेले, त्याच्या शिलाईवर मी शिकलो. हे त्यानं कधी बोलून दाखवलं नाही, म्हणून मीच सांगून टाकतो. गिऱ्हाईकाच्या गळ्याचं माप घेता घेता एका सकाळी त्याच्या हातातली टेप खाली पडली. तो वाचला. पाय सावरला, जीभही बरीच सावरली, पण उजव्या हाताची बोटं ऐकेनात.

बुलढाण्याला फिजिओथेरपी सुरू झाली, आठवड्यातून दोनदा. तिथल्या डॉक्टरांनी मला बाजूला घेऊन स्पष्ट सांगितलं होतं — हे पहिले काही महिने महत्त्वाचे, हातात जे परत यायचं ते आता येईल. घरीही बोटांना बारीक काम द्या, म्हणाले. माझ्याकडे बारीक कामाचा साठाच होता. मी त्यातलं सगळ्यात साधं किट काढून दादापुढे ठेवलं.

त्याला ते आवडलं, हे खरं. लहान मुलासारखा तो फ्रेममधून एकेक भाग सोडवायचा. पण हात कापायचा. पंख बसवताना गोंद ओघळला, आणि त्यानं तो अंगठ्यानं दाबून धरला. त्या गोंदानं प्लास्टिक वितळतं. पंखावर दादाचा अंगठा उमटला, रेघा मोजता येतील इतका स्वच्छ, आणि पंख बसला तो तिरपा. गोळ्या घेऊन दादा झोपला. विमान माझ्या टेबलावर तसंच पडलं होतं.

मी काय करायला हवं होतं? काहीच नाही. ते झाकून बाहेर फिरून यायला हवं होतं. मी पंख सोडवला, सरळ बसवला, पॉलिश पेपर घेतला आणि अंगठा घासून काढला.

संध्याकाळी दादानं विमान उचलून खिडकीशी नेलं. बराच वेळ बघत राहिला. त्या दिवसांत त्याला सकाळचं दुपारी नीट आठवत नसे.

"पाह्य ना, बराबर बसला पंख. म्याच बसवला ना बे?"

"मंग कोणं बसवला?" मी म्हणालो.

तो हसला. आजारपणानंतर पहिल्यांदा — वाकड्या ओठांनी, पण हसला. त्या हसण्यासाठी मी पुढचं सगळं केलं, असं मला म्हणता आलं असतं. मीही स्वतःला बराच काळ तेच सांगितलं. रोज सकाळी तो करायचा, रोज दुपारी मी दुरुस्त करायचो. वैमानिकासमोरच्या काचेवर गोंदाचा पांढरा धूर बसला, मी तो पुसला. पंखांवर लावायची चक्रांची स्टिकरं पाण्यात भिजवून त्यानं वेडीवाकडी चिकटवली, मी उचलून जागेवर आणली. त्याच्याच गोळ्यांच्या पन्नीचे पट्टे मी खुर्चीला लावले आणि ते त्यानं लावले असं त्याला सांगितलं. "हात सुधरून राह्यला," तो वहिनीला सांगायचा. वहिनी देवापुढे साखर ठेवायची.

पण एवढंच असतं तर मी तुमच्यासाठी हे लिहीत बसलो नसतो. एका माणसाला खोटा आनंद दिला — यात लपवण्यासारखं फारसं काय आहे?

बुलढाण्याला जायचं म्हणजे अख्खा दिवस मोडायचा. राजूरच्या घाटात एसटी वळायला लागली की दादाला गरगरायचं. तो माझ्या खांद्यावर डोकं टाकायचा, मी त्याच्यापुढे पिशवी धरून बसायचो. मग दवाखान्याच्या बाकावर ताटकळणं, मग परत तोच घाट. माझे तास बुडायचे, प्राचार्य तोंड वाकडं करायचे. मी कंटाळलो होतो. माझ्या भावाचा मला कंटाळा आला होता — बघा, लिहिलं. लिहायला मला फार वर्षं लागली.

विमान पुरं झालं तेव्हा दादा म्हणाला, डॉक्टरले दाखवू. मिठाईच्या खोक्यात कापूस घालून त्यानं ते नेलं. घाटभर खोकं त्याच्या मांडीवर होतं, त्या दिवशी तो माझ्या खांद्यावर टेकलाही नाही. डॉक्टरांनी त्याला मूठ आवळायला लावली, बटण लावायला लावलं. त्यांना ते तितकंसं पटलं नसावं. मग त्यांनी विमान उचललं, खुर्चीचे पट्टे पाहिले, आणि दादाकडे न बघता मला विचारलं, "हे सगळं यांनीच केलं?"

त्यांनी मलाच विचारलं होतं. शिकलेला माणूस, कॉलेजात शिकवणारा, खरं सांगेल म्हणून.

"हो सर," मी म्हणालो. "मी नुसता शेजारी बसतो."

माझा गुन्हा हा आहे. पंख सरळ केला तो नाही, अंगठा घासला तोही नाही. त्या घडीला माझ्या मनात दादाचं हसू नव्हतं. घाट होता. एसटी होती. आता यावं लागणार नाही, हे होतं. घरी इतकं चांगलं चाललंय तर महिन्यातून एकदा आणलं तरी चालेल, असं डॉक्टर म्हणाले, आणि मला सुटल्यासारखं वाटलं. महिन्यातून एकदाचं पुढे तेही राहून गेलं. दादाला वाटलं हात बरा झाला, मग कसरत कशाला? मला सोयीचं होतं. मी आठवण केली नाही.

लग्नसराईला त्यानं दुकान उघडलं. आपल्या जुन्या मित्राचं कापड पहिल्यांदा कापायला घेतलं. खडूची रेघ एकीकडे आणि कात्री भलतीकडे गेली. मी तिथेच होतो. दादानं कापडाची नीट घडी घातली, मित्राला तसलंच दुसरं कापड आणून दिलं, आणि दुकानाची किल्ली वहिनीजवळ देऊन टाकली. आम्ही पुन्हा बुलढाणा गाठलं तेव्हा डॉक्टरांनी सांगितलेले ते पहिले महिने निघून गेले होते. दुकानात आता मोबाइलवाला बसतो.

तेव्हापासून दादा एकच सांगतो. हात सुधारला होता, मीच आळस केला, मीच घालवला. वहिनीही त्याला तेच ऐकवते, रागावली की. समोर पुरावा आहे ना — कपाटात. मी दोघांच्या मध्ये बसून जेवतो.

गेल्या दिवाळीच्या सुट्टीत दादा म्हणाला, तसंच विमान अजून एक आन. एकदा जमलं होतं, परत जमन. मी आणलं. या वेळी मी कशालाही हात लावला नाही. पंख तिरपा बसला, गोंद ओघळला, त्यानं अंगठा दाबला, अंगठा उमटला. तो त्या पंखाकडे बघत राहिला.

"तवा कसं जमलं होतं बे मले?"

घरात आम्ही दोघंच होतो. वहिनी माहेरी गेली होती. सांगायला याहून मोकळी वेळ मिळाली नसती.

"तवा हात चांगला होता तुहा," मी म्हणालो.

"हाव," दादा म्हणाला. "माहीच चूक."

मी त्यानं सांगितलं तसं दुसरं विमान पहिल्याच्या शेजारी ठेवून दिलं. ते एका अंगावर कललेलं असतं, पंखावर अंगठा आहे. आता पाहुणे आले की दादा दोन्ही काढतो. आधी पहिलं दाखवतो, त्याची हकिगत सांगतो. मग दुसरं हातात देताना ओशाळून म्हणतो, "हे मातर बिघडलं."

त्या दोनांतलं तेवढं एकच त्यानं केलेलं आहे. मी तेव्हा आत, चहापाशी असतो.