जिचं तूप, तिचाच डबा

इब्राहिमभाईंची आणि माझी पहिली भेट कोपरगावात, त्यांच्या बेकरीसमोरच्या दिवाळीच्या रांगेत झाली. रवा, मैदा, साखर, तूप घरून न्यायचे आणि बेकरीतून नानकटाई भाजून आणायची, ही आमच्याकडची जुनी रीत. आईने दिलेला डबा पायाशी ठेवून मी शाळेतली एक कविता पुटपुटत होतो. त्या नादात माझा नंबर निघून गेला. भट्टीपाशी घामाघूम झालेले तरुण इब्राहिमभाई म्हणाले, “ए कवी, चाल लागली आसंल तर डबा दे इकडं.” पुढे त्यांनीच मला गल्ल्यावर बसवले आणि माझा जन्म तिथेच गेला.

धंद्यात उमेद कशी टिकवावी, कोणते काम आधी घ्यावे, हे तरुण व्यापाऱ्यांनी इब्राहिमभाईंकडून कसे शिकावे, ते लिहा, असे या गौरव अंकाच्या संपादकांनी सांगितले आहे. खरे सांगू? इतकी वर्षे शेजारी बसूनही मला ते नीटसे उमगलेले नाही.

एका दिवाळीत, सण तोंडावर असताना, भट्टीची अर्धी कमान ढासळली आणि एका वेळी निम्माच माल भाजता येऊ लागला. दारात घरोघरचे डबे. त्यातच एका मोठ्या हॉटेलवाल्यांनी खारी-टोस्टची ऑर्डर दिली. माल वेळेवर पोचला तर वर्षभराचे काम आपले. इब्राहिमभाईंचे चिरंजीव सलीम यांनी तोड काढली: सगळ्यांचे सामान एकत्र मळावे आणि ज्याला त्याला वजनावर नानकटाई द्यावी. वेळ निम्मा वाचला असता. मलाही ते पटले. कोणाला कळणार होते?

इब्राहिमभाई दारातला एक डबा उचलून आत घेऊन आले. मग म्हणाले, “जिचं तूप, तिच्याच डब्यात जाईल. हाटेलवाल्यांना न्हाई म्हनून कळव.”

“अब्बा, निम्म्यांनी वनस्पती तूप आणलंय.”

“मग त्यांना त्याचीच मिळंल.”

घरोघरचा गोळा वेगळा मळला, वेगळा भाजला. डबे वेळेवर गेले. हॉटेलचे काम दुसरीकडे गेले, ते कायमचे. सलीम यांनी वडिलांशी बोलणे सोडले.

दिवाळीनंतर भट्टी दुरुस्त झाली, तरी इब्राहिमभाई ती पेटवेनात. बाकावर बसून राहत. आपले चुकले का, असे त्यांनी मला विचारले. मी उमेदीची एक शाळेतली कविता म्हणून दाखवली. त्यांनी ती शेवटपर्यंत ऐकली आणि म्हणाले, “दुसरी येत न्हाई का एखादी?”

अशातच गल्लीतल्या काशीबाई डबा घेऊन आल्या. त्यांची लेक सण उलटल्यावर माहेरी आली होती. एका डब्यासाठी भट्टीभर लाकूड जाळणे मला वेडेपणाचे वाटले आणि मी तसे बोललो.

“व्हय, येडेपनाच हाय,” इब्राहिमभाई उठत म्हणाले. “पन उमेद आल्यावर भट्टी पेटवू म्हनलं, तर दोन्ही थंडच ऱ्हातील, कवी. आधी भट्टी तापू दे.”

धूर दिसला तसे सलीम आले. कोणाशी न बोलता त्यांनी पावाचे पीठ मळायला घेतले. दुपारपर्यंत बापलेकांत पिठाच्या पाण्यावरून भांडण लागले होते, तेव्हा कुठे माझ्या जिवात जीव आला.

बेकरी आजही एकाच भट्टीची आहे. हॉटेलचे काम घेतले असते तर? सकाळी मला वाटते, सलीम यांचे बरोबर होते; संध्याकाळी डबे घरी जाताना पाहिले की उलटे वाटते. हल्ली मला नोटाही नीट दिसत नाहीत, तरी इब्राहिमभाईंनी गल्ल्यामागची माझी खुर्ची हलू दिलेली नाही. हे कामांच्या कोणत्या क्रमात बसते, तेही मला सांगता येणार नाही.

पंचाहत्तरी गाठलेल्या इब्राहिमभाईंची प्रकृती अशीच ठणठणीत राहो. निदान मला हे सगळे समजेपर्यंत तरी त्यांनी भट्टीपुढे उभे असावे. आणि माझी समज किती सावकाश चालते, हे त्यांच्याइतके कोणालाच ठाऊक नाही.