अकरा मुली, अकरा खिडक्या

मी खेळ शिकवत होते त्या हिंदी शाळेच्या मैदानात दोन कडुलिंब होते. त्यांच्यामध्ये मी नायलॉनच्या दोरीचं जाळं बांधलं. अकरा खिडक्या ठेवल्या. काही जमिनीलगत, काही खांद्याइतक्या उंच. आठवीच्या अकरा मुलींनी पलीकडे जायचं. एका खिडकीतून एकदाच. दोरीला कुणाचा नुसता धक्का लागला, तरी सगळ्यांनी परत यायचं.

तीन दिवस रोज परत येणं चाललं होतं. प्राचार्यांनी विचारलं, "मैडम, यह खेल कब तक?" मी म्हटलं, "पार होईपर्यंत." भिलाईच्या पोलाद प्लांटमध्ये फर्नेसवर राबलेल्या बापाची मी लेक. अर्धं काम सोडणं घरात कुणालाच जमलं नाही.

खरी अडचण एकीची होती. अंगानं भारी मुलगी. खेळाच्या तासाला ती पोटदुखीचं कारण सांगून ओट्यावर बसायची. आमच्या दोघींच्या घरी वऱ्हाडी वळणाची मराठी, म्हणून माझ्याशी ती मराठीतच बोले.

"कावून बसून राहिली?" मी विचारलं.

"मले कोण उचलन, मॅडम? माझ्यापायी सगळ्या हरून राहिल्या."

लहानपणी मीही अशीच बाजूला बसायची. पण समजूत घालायची नाही असं ठरवून मी विचारलं, "बसल्या बसल्या काय दिसलं ते सांग."

तिनं जाळ्याकडे बोट केलं. मग म्हणाली, "बारक्या पोरी खालच्या खिडक्या वापरून टाकतात. वरच्या उरतात. आन् शेवटी जो राहते, त्याले मागून उचलाले कोनीच नसते."

"मग?"

"पहिल्या तिघी खालून जातीन, बाकी सगळ्याईले मी वरून पाठवतो. सगळ्यात खालची खिडकी माझ्यासाठी ठेवा. मी सरपटत जातो."

हे मी वर्गाला सांगितलं नाही. तिलाच सांगायला लावलं. हिंदीत, अडखळत, पण तिनं सांगितलं.

चौथ्या दिवशी आधी तिघी खालच्या खिडक्यांतून गेल्या, मग तिनं बाकीच्या एकेकीला आडवं उचलून वरच्या खिडक्यांतून पलीकडच्या हातांत दिलं. दहा मुली पार. मग ती मातीत पालथी पडली, सरपटत निघाली. पलीकडून टाळ्या सुरू झाल्या. ती उभी राहिली आणि म्हणाली, "लग गई. चोटी."

मला वेणी दोरीला लागलेली दिसली नव्हती. एक जण चिडून म्हणाली, "किसने देखा?"

"मैंने देखा," अंगावरची माती झटकत ती म्हणाली.

सोडून द्यावं, असं क्षणभर माझ्याही मनात आलं. पण मी काही बोलायच्या आत सर्वांत बारकी पोर दोरीला वळसा घालून अलीकडे आली. मागोमाग बाकीच्या. एकीनं ती लागलेली वेणी गुंडाळून रबरानं घट्ट बांधली.

जेवणाच्या सुट्टीची घंटा झाली. डबे वर्गातच राहिले. दुसऱ्यांदा उचलताना ती दमली होती, म्हणून दोघी आपण होऊन तिच्या बाजूला उभ्या राहिल्या. ती शेवटी सरपटत पलीकडे निघाली, तेव्हा कुणी टाळी वाजवली नाही. सगळ्या वाकून दोरीकडे बघत होत्या. दोरी हलली नाही.

पुढच्या आठवड्यात दुसऱ्या तुकडीसाठी जाळं बांधताना ती मदतीला आली. म्हणाली, "मॅडम, या खेपेले खालची खिडकी अजून बारीक करू."