एकशे सहा आणि दोनशे शहाऐंशी

बोर्गहिल्ड ट्वेट पहिल्या खेपेला नापास झाली ती मोलमुळे. रसायनाच्या पेपरात मोलवरचे पाच प्रश्न होते. चार तिने कोरे ठेवले आणि पाचव्यापुढे लिहिलं, 'प्रश्न समजला नाही.' तेव्हा ती सेहेचाळीस वर्षांची होती.

आमच्या खाडीच्या टोकाला लोकरीची गिरणी होती. मी सूत कातायच्या खात्यात, ती धुलाईत. शाळा तिने चौदाव्या वर्षी सोडली. बापाकडे दोन गायी, बारा मेंढ्या आणि दगडच जास्त असलेली जमीन. पंधराव्या वर्षी ती गिरणीत बटणांच्या खोलीत लागली, पुढे धुलाईत आली आणि तिथेच राहिली. नवरा एइलिफ फेरीबोटीवर दोर बांधायचा. दोघंही बोलायला कमी. त्यांच्या घरी कॉफीला गेलं की घड्याळाची टिकटिक ऐकू यायची.

त्र्याहत्तर साली कामगार संघटनेने शिकवणी सुरू केली. धुलाईचा मुकादम व्हायचं तर रसायनाची परीक्षा पास व्हायला हवी, असा नवा नियम आला होता. पहिली पाळी सुटली की चार वाजता शाळेत वर्ग भरायचा. शिकवायला सिग्वे नावाचा पंचविशीतला मास्तर होता. नऊ जणांनी नावं दिली. त्यांत बाई एकटी बोर्गहिल्ड.

"मोल म्हणजे सहाच्या पुढे जवळजवळ तेवीस शून्यं, इतके कण," सिग्वेने फळ्यावर शून्यं काढत सांगितलं.

"इतके मोजले कुणी?" बोर्गहिल्डने विचारलं. मागच्या बाकांवर हशा पिकला.

"मोजायचे नाहीत, बाई. तोलायचे."

"मग मोजतात असं सांगता कशाला?"

परीक्षा झाली, ती नापास झाली. सगळ्यांना वाटलं, आता सोडेल. तिने शरद ऋतूत परत नाव घातलं. सिग्वेने पुन्हा फळ्यावर शून्यं काढायला घेतली, तेव्हा तिने हात वर केला.

"शून्यं राहू देत. मी सांगते, चुकलं तर सांगा. बटणांच्या खोलीत आम्ही बटणं कधी मोजली नाहीत. भिंतीवर एक कागद होता. एक ग्रोस शिंपल्याची बारकी बटणं साठ ग्रॅम, एक ग्रोस शिंगाची मोठी चारशे ग्रॅम. ग्रोस म्हणजे दोन्हीकडे एकशे चव्वेचाळीसच, वजन मात्र वेगळं. शिंगाची बाराशे ग्रॅम तोलली की तीन ग्रोस झाली. मोल म्हणजे तुमचा ग्रोसच ना?"

"हो."

"आणि मोलर वस्तुमान म्हणजे एका मोलचं वजन, तो भिंतीवरचा कागद."

सिग्वेने खडू खाली ठेवला. "मागच्या वर्षी का नाही बोललात?"

"मागच्या वर्षी कुठे कळलं होतं? उन्हाळ्यात गवत वाळवताना कळलं."

त्यानंतर तिला कुठे अडलं नाही. सोडियमचे तेवीस, कार्बनचे बारा, ऑक्सिजनचे सोळा. कुठले अणू किती ते बघायचं, गुणायचं, बेरीज करायची. साखर, मीठ, चुना, घरात जे सापडेल त्याची मोलर वस्तुमानं ती कॅलेंडरच्या मागे लिहीत बसे. एइलिफ म्हणायचा, "आमच्या बोटीचं पण काढ एकदा."

नोव्हेंबरात धुलाईतून निघणारी लोकर पिवळट यायला लागली. हाताला राठ लागायची, कातताना तुटायची. शिव्या आम्ही सूतवाले खात होतो आणि त्या धुलाईकडे पोचवत होतो. मुकादम होता हालवार्ड, तीस वर्षं त्याच जागेवर. त्याने ठपका ठेवला तो सुन्निवा नावाच्या नव्या मुलीवर. ती कढईत लोकर जास्त वेळ ठेवते, म्हणाला. आठवड्याभरात तिला काढून टाकलं.

बोर्गहिल्ड सुन्निवाच्याच शेजारी उभी असायची. मुलगी घड्याळ लावून काम करते हे तिने पाहिलं होतं. दुसऱ्या दिवशी ती कोठारात गेली आणि धुण्याच्या सोड्याची पोती बघून आली. आधी यायचे ते काचेसारखे ओलसर खडे. ही पोती नव्या व्यापाऱ्याकडची, आत कोरडी पांढरी भुकटी. वर छापलं होतं: निर्जल.

कॉफीच्या सुट्टीत ती हालवार्डकडे गेली. आम्ही सहा-सात जण तिथेच वॉफल खात बसलो होतो.

"हालवार्ड, कढईत सोडा किती घालतो आपण?"

"तीन किलो. माझ्या आधीपासून तीन किलो."

"तो खड्यांचा. खड्यात सोड्याच्या एकेका कणामागे पाण्याचे दहा असतात. एक मोल खडे दोनशे शहाऐंशी ग्रॅम. या भुकटीत पाणीच नाही, तिचा एक मोल एकशे सहा ग्रॅम. तुम्ही तीन किलो भुकटी घालताय म्हणजे जवळजवळ तिप्पट सोडा घालताय. लोकर जळणार नाही तर काय होणार?"

"नापास झालेली बाई मला सोडा शिकवते?"

"मी नापास झाले, आकडे नाही झाले."

कुणीतरी हसलं. हालवार्डचा चेहरा लाल झाला. "बरं. मग किती घालायचा म्हणतेस?"

"एक किलो एकशे दहा ग्रॅम."

"आणि ते दहा कशाला?"

"हिशेबात येतात म्हणून."

पुढचे दोन दिवस तिने दोन लहान टपांत लोकर धुतली. एकात त्याच्या मापाने भुकटी, दुसऱ्यात तिच्या. वेळ सारखा, पाण्याची ऊब सारखी. दोन्ही गठ्ठे वाळवून तिने हालवार्डच्या टेबलावर ठेवले आणि कामाला गेली. एक पिवळा, एक पांढरा. तो बराच वेळ दोन्ही चुरगाळत बसला होता, असं खिडकीतून पाहणाऱ्यांनी सांगितलं. सोमवारी कढईवरच्या फळीवर नवं माप आलं, १.११. कुणी सुचवलं ते लिहिलेलं नव्हतं.

बोर्गहिल्ड तेवढ्यावर थांबली नाही. "माप बदललं, म्हणजे मुलीची चूक नव्हती. तिला बोलवा," ती म्हणाली. हालवार्ड कुरकुरला, पण पत्र गेलं. सुन्निवाचं उत्तर आलं स्टाव्हांगरहून. तिला तिथे मासे डबाबंद करायच्या कारखान्यात काम मिळालं होतं, परत यायचं नव्हतं. खाली तिने लिहिलं होतं, 'पत्र आईला दाखवलं. बरं झालं.' बोर्गहिल्डने ते वाचलं, घडी घातली आणि हालवार्डला परत दिलं.

वसंतात ती पास झाली, मार्क बेताचे. मुकादमाची जागा चार वर्षांनी रिकामी झाली, तेव्हा वरच्यांनी बाहेरून एक पुरुष आणला. बोर्गहिल्डने अर्ज केला होता. नवा मुकादम मात्र शहाणा निघाला. पहिल्याच आठवड्यात त्याने सोडा, साबण, आम्ल, सगळी मापं तिच्याकडे सोपवली, आणि गिरणी बंद होईपर्यंत अकरा वर्षं ती तिच्याकडेच राहिली.