माळकऱ्याची मांजर

बाभुळगावच्या बाजारात मासोळीवाल्यांच्या ओळीत एक माळकरी काका मला दर आठवड्याला दिसत. गळ्यात तुळशीची माळ, नाकाला रुमाल. मासे घ्यायच्या आधी ते माळ सदऱ्याच्या आत सरकवत आणि तोंड फिरवून पिशवी पुढे करत. एकदा मी विचारलंच, "काका, कोणासाठी नेता?"

"मांजरीसाठी. आमच्यासंग वरण-भातच खाये. नजर जाऊन राह्यली होती तिची. डॉक्टर म्हणे, डोळ्याले एक अमिनो आम्ल लागते. कुत्र्याच्या अंगात ते बनते, मांजरीच्या नाही बनत. तिले मासोळी, मटनातूनच भेटते."

"मग माळ लपवता, ती देवापासून?"

"देवापासून कायले लपवू? त्यानंच तर तिले तसं बनवलं," सदऱ्यावरून माळ चाचपत ते म्हणाले. "लोकायपासून लपवतो."