सोपानचं वजन

ट्रेनिंग सेंटरला पीटी हवालदार म्हणून पोस्टिंग आली तेव्हा मी खूश झालो. माझं व्यायामावर पहिल्यापासून प्रेम. इंदापूर तालुक्यातलं वरकुटे हे माझं गाव. तिथल्या तालमीत मी मिसरूड फुटायच्या आधीपासून जोर-बैठका काढत होतो आणि त्याच जिवावर पलटणीत आलो, असं माझं पक्कं मत होतं. ही पन्नास सालानंतरची गोष्ट आहे.

सेंटरचा दिनक्रम ठरलेला. पहाटे बिगुल, चहा, मग ग्राउंडवर फॉल-इन. वजनं उचलायचं सामान आमच्याकडं नव्हतं. लोखंड रायफलला लागतं, शिपायाला नाही, असं आमचे सुभेदार साहेब म्हणत. जोर, बैठका, दोरावर चढणं, बीमला लोंबकळून अंग वर खेचणं आणि जोडीदाराला पाठीवर घेऊन पळणं, एवढंच. रोज तेच आणि तेवढंच केलं तर अंग तिथंच थांबतं, हे मला ठाऊक होतं. म्हणून मी रिक्रुटांना जोर काढताना पाय आधी जमिनीवर, नंतर पायरीवर, नंतर कठड्यावर ठेवायला लावी. काडीसारखी आलेली माणसं काही महिन्यांत अशी भरत, की पहिल्या दिवशी दिलेला शर्ट छातीवर बसत नसे. ते बघून मी मिशीला पीळ भरी.

आमचा लांगरी, म्हणजे लंगरचा आचारी, पांडू नावाचा होता. त्याला माझी मिशी खुपायची.

"उस्ताद, हे अंग तुमच्या जोरानं न्हाय भरलं," तो म्हणायचा. "माझ्या डाळीनं भरलंय."

"नुसती डाळ खाऊन लोळले असते तर पोटं सुटली असती."

"आन् उपाशीपोटी जोर काढलं असतं तर?"

 मी त्याला ग्राउंडची एक फेरी मारायला लावली. हवालदाराला तेवढा अधिकार असतो.

पौषात मी दोन महिन्यांच्या रजेवर गावी आलो. आल्या आल्या गावातच राहणारी माझी मामी तिच्या मुलाला, सोपानला, घेऊन घरी आली. मामा वारले होते. घरात ही दोघंच. कोरडवाहू रान, ज्वारीचं एकच पीक, तेही पाऊस मेहेरबान झाला तर. सोपान आधीच्या भरतीला जाऊन आला होता. उंची बसली, पळण्यात तो पहिला आला आणि वजनात नापास झाला. पुन्हा भरती बारामतीला होती, माझी रजा संपायच्या सुमारास. त्यानंतर त्याचं वय उलटून जाणार होतं. म्हणजे संधी एवढी एकच उरली होती.

"पलटणीत कशाला जायचंय तुला?" मी विचारलं.

"दोन टाइम पोटभर मिळतं म्हनं, दादा. खरं हाय का?"

"खरं आहे."

"मग जायचंय."

देशसेवा वगैरे तो काही बोलला नाही. मला त्याचं ते सरळ बोलणं आवडलं. मी मामीला सांगितलं, "काळजी करू नका. याचं अंग मी भरवतो."

दुसऱ्या दिवसापासून त्याला तालमीत घेतलं. सोपान हा विद्यार्थी म्हणून नंबर एक होता. सांगितलं तेवढं करायचा आणि वर आणखी मागायचा. पायरीवर पाय ठेवून जोर, मग माझं वजन पाठीवर घेऊन बैठका. त्याचे दंड दोरखंडासारखे पिळदार दिसायला लागले. श्वास भरला की छाती चांगली फुगायची. मी मनातल्या मनात पांडू लांगरीला शिव्या घालत होतो.

महिन्यानं आम्ही बारामतीला गेलो. गुळाच्या अडतीवर मोठा तराजू होता. आल्या आल्या एकदा तिथं त्याचं वजन केलं होतं. आता एका पारड्यात सोपान बसला, दुसऱ्यात अडत्यानं वजनं टाकली, काढली, पुन्हा टाकली. वजन दोन पौंडांनी कमी झालं होतं.

"काटा बरोबर आहे का?" मी विचारलं.

"हवालदारसाहेब, ह्याच काट्यावर सगळा तालुका गूळ इकतो," अडत्या म्हणाला.

सोपान पारड्यातून उतरला आणि माझ्याकडं बघून ओशाळा हसला, जणू त्यानंच काही चोरलं होतं. मला संताप आला, पण कुणावर काढावा ते कळेना.

त्या दिवशी मी मुद्दाम मामीकडं जेवायला थांबलो. भाकरी, ठेचा, कांदा. मामीनं आम्हा दोघांना वाढलं. "तुम्ही बसा की," म्हणालो तर म्हणाली, "मी मगाशीच जेवले." भाकरीच्या टोपल्यातलं फडकं मी उचलून पाहिलं. खाली काही नव्हतं. सोपाननं अर्धीच भाकरी खाल्ली आणि पोट भरल्याचं सांगून उरलेली अर्धी आईसाठी टोपल्यात ठेवली. असं रोज चालत असणार. मायलेक एकमेकांशी खोटं बोलून एकाच भाकरीवर दिवस काढत होते, आणि मी त्या पोटावर माझं वजन टाकून बैठका काढून घेत होतो.

जोर-बैठकांनी अंग भरतं का, हे आता मला गावातले तरुण विचारतात. भरतं. पण व्यायाम हा गवंडी आहे. विटाच नसतील तर तो भिंत कशाची बांधणार? उलट असलेल्या भिंतीच्या विटा काढून चुलीला लावतो. सोपानचं तेच झालं होतं. भरती व्हायला वजन हवं, वजनाला पोटभर अन्न हवं, आणि पोटभर मिळावं म्हणून तर त्याला भरती व्हायचं होतं. मी फार असहाय झालो. माझ्या दंडावर तीन फिती होत्या, पण त्या या गाठीपुढं कुचकामी होत्या.

मी घरून तूप नेलं. मामीनं ते परत पाठवलं. निरोप आला, "मागून आनलेल्या तुपावर माझं पोरगं शिपाई व्हायचं न्हाय." मामी तशी होती. वाकेल पण मागणार नाही.

मग मला गुऱ्हाळ सुचलं. माझी सासुरवाडी बारामती तालुक्यातल्या लोणी भापकरची. माझा मेहुणा बाबू याचं तिथं उसाचं गुऱ्हाळ चालू होतं. आमच्याकडं एक रीत आहे. गुऱ्हाळावर जो येईल त्याला रस द्यायचा, गरम गूळ द्यायचा, त्याचं मोल घ्यायचं नाही. वाटसरू असो नाहीतर वैरी असो. तिथं रस पिणं म्हणजे मागणं नव्हे. शिवाय सोपान तिथं काम करणार होता. मामी तयार झाली.

बाबूनं सोपानला वरपासून खालपर्यंत बघितलं. "दाजी, ह्याला चरकात घातला तर थेंब गळायचा न्हाय," तो म्हणाला. पण त्यानं हात आखडला नाही. सोपान सकाळी जोर काढायचा, दिवसभर उसाच्या मोळ्या वाहायचा, चुलीत चिपाडं सारायचा. आणि खायचा. रस, काकवी-भाकरी, बाबूच्या म्हशीचं दूध, गावातल्या शेंगा. मी मधूनमधून जाऊन बघत होतो. महिन्याच्या आत त्याच्या गळ्याची हाडं बुजली. दंडाला नुसता पीळ होता, तिथं मांस धरलं. व्यायाम तोच होता. गुऱ्हाळावरच्या काट्यानं सांगितलं, वजन बसतंय. जेमतेम, पण बसतंय.

भरती शनिवारी होती. बाबू गूळ घेऊन आदल्या दिवशीच बारामतीला आला होता. मी आणि तो सकाळीच मैदानावर पोचलो. सोपान लोणी भापकरहून रात्रभर चालत आला. त्याचे ओठ सुकलेले दिसले.

"काय खाल्लंस?" मी विचारलं.

"काय न्हाय. आयनं मारुतीला नवस केलाय. भरतीच्या शनवारी मी निर्जळी धरायची."

"पाणी?"

"निर्जळी म्हंजे पानी बी न्हाय, दादा."

मी डोकं धरून खाली बसलो. वजन वाढावं म्हणून माऊलीनं उपास बोलला होता. आदल्या रात्रीपासून पोटात काही नाही, आणि वर एवढी चाल. जेमतेम जमवलेले पौंड वाटेवर सांडून तो माझ्यापुढं उभा होता, आणि रांग सरकत होती.

बाबू पळत जाऊन केळ्यांची फणी आणि पाण्याची कळशी घेऊन आला. सोपान हात लावेना.

"मारुती कोपंल."

"आरं, केळं उपासाला चालतं," बाबू म्हणाला. "ऱ्हायलं पानी. नवस तुझ्या आयनं केलाय, ती बघून घील. देव काय काटा घिऊन बसलाय व्हय? काटा त्यो तितं बसलाय, टेबलावर."

तरीही तो हलेना. मग मी उभा राहिलो आणि सेंटरमधल्या आवाजात म्हणालो, "सोपान, सावधान." तो ताठ झाला. "खा."

तो खाऊ लागला. डोळ्यांतून पाणी गळत होतं आणि तो एकामागून एक केळी गिळत होता. वर कळशी तोंडाला लावली. त्याचं पोट नगाऱ्यासारखं झालं. आजूबाजूला आणखी चार-पाच जण हाच उद्योग करत होते, म्हणून कुणी हसलं नाही.

काट्याचा दांडा वर गेला, खाली आला आणि आडवा राहिला. डॉक्टर साहेबांनी त्याच्या पोटावर टिचकी मारली.

"केळी?"

"व्हय साहेब."

डॉक्टरांनी त्याची छाती मोजली, खांदे चाचपले, माझ्याकडं एकदा पाहिलं आणि म्हणाले, "फिट."

मामीनं नंतर मारुतीचे जादा शनिवार धरून हिशेब चुकता केला.

सोपान माझ्याच सेंटरला आला. पहिल्या दिवशी लंगरमध्ये चपात्या संपवून त्यानं पांडूला विचारलं, "आनिक घेतलं तर चालतंय का?" पांडूनं माझ्याकडं बघितलं. आणि आणखी चपात्या वाढल्या. ट्रेनिंग संपताना सोपान स्क्वॉडमधला सगळ्यात भरलेला गडी होता. पहिल्या रजेवर तो युनिफॉर्ममध्ये दारात उभा राहिला तर मामीनं आतून विचारलं, "कोन पायजे?" हे त्यानं मला इतक्यांदा सांगितलं, की मी चिडायला लागलो.

पुढं माझी सेंटरची मुदत संपली. मी पलटणीत परतलो. सोपानही त्याच कंपनीत आला. आमचं ठाणं ईशान्येकडच्या डोंगरात होतं. एका पहाटे तो पेट्रोलवर, म्हणजे गस्तीवर, गेला. मी पोस्टवर होतो. रात्रभर पाऊस झाला होता. सकाळी वायरलेस सेटवर आवाज आला.

"फायर आया है। कॅज्युअल्टी वन। ओव्हर."

"नाम बताओ। ओव्हर."

नाव आलं. गोळी मांडीत लागली होती. रक्त थांबत नव्हतं.

मेजर साहेब म्हणाले, "हवालदार, स्ट्रेचर पार्टी. नाल्यावर गाठा." मी माणसं आणि नर्सिंग असिस्टंट घेऊन धावत उतरलो. नाल्यावरचा बांबूचा पूल वाहून गेला होता. पाणी दरडी खात चाललं होतं. थोड्या वेळात पेट्रोल पलीकडच्या काठावर आलं. त्यांनी सोपानला खडकावर ठेवलं. त्याचा चेहरा मला स्वच्छ दिसत होता. हाक ऐकू जाईल एवढंच अंतर, पण पाण्याच्या आवाजात एकही शब्द पलीकडं पोचत नव्हता. पाय वर धरा, पट्टा आवळा, हे मी हातानं करून दाखवत राहिलो. आम्ही दोर फेकला. तो पाण्यात पडला. पुन्हा फेकला. एक जवान कमरेला दोर बांधून उतरला, त्याला पाण्यानं आपटलं, आम्ही त्याला ओढून काढलं. सोपाननं एकदा हात वर केला. मीही केला. याहून जास्त मला काहीही करता आलं नाही.

शेवटी दोर पलीकडं पोचला. त्यावरून सोपानला अलीकडं आणलं तेव्हा तो गेला होता. स्ट्रेचर चढणीवर नेताना आम्ही चौघं दर थोड्या अंतरावर थांबत होतो. तो वजनदार होता. ते वजन त्याच्या अंगावर कसं चढलं, हे त्या चौघांत मला एकट्यालाच माहीत होतं, आणि मी खांदा बदलून घ्यायला तयार नव्हतो.

पलटणीच्या स्मारकावर त्याचं नाव आहे, खाली गाव नाही. म्हणून इथं लिहितो. शिपाई सोपान, वरकुटे, तालुका इंदापूर.

रजा मिळाल्यावर मी मामीकडं गेलो. कसं सांगायचं याची वाटेत तयारी केली होती. गोळी कशी लागली, साथीदारांनी कसं आणलं, साहेब काय म्हणाले. तिनं त्यातलं काही विचारलं नाही. 

"म्हादू," ती म्हणाली, "त्या दिशी जेवला व्हता का रं?"

पेट्रोल पहाटे नुसत्या चहावर निघालं होतं. जेवण परतल्यावर मिळायचं होतं.

"व्हय मामी," मी म्हणालो. "पोटभर."

"मग बरं," मामी म्हणाली. ती उठली आणि तिनं माझ्यापुढं ताट वाढून ठेवलं. मी ते सगळं खाल्लं.