मिळून आली नाही

ती घटना आठवली की आजही माझा उजवा हात आपोआप मुठीत वळतो. ज्या बाईची ही केस, तिची मूठ तेव्हा वळत नव्हती, म्हणून.

पाथर्डी तालुक्यातली ऊसतोड करणारी बाई. बाजाराहून परतताना एका भामट्याने तिच्या मंगळसूत्राला हात घातला. तिने त्याचं मनगट असं धरलं की सोडेचना; शेवटी त्याने तिच्या तळहातावर चाकू चालवला आणि पळाला. पण पळून जाणार कुठे? त्या काळी पाथर्डीचं पोलीस ठाणं माझ्याकडे होतं आणि माझ्या गाडीचा हॉर्न वाजला की नेवाशातले चोर पाथर्डीतले गुन्हे कबूल करायचे. तिसऱ्या दिवशी आरोपी अटकेत. पेपरात फोटो आला. फोटोत मधोमध मी, शेजारी बुरखा घातलेला आरोपी. बाई कुठेच नाही. तेव्हा ते माझ्या लक्षातही आलं नाही.

दोन महिन्यांनी नगरहून एका वकीलबाईंचा फोन आला. गुन्ह्यात जखमी झालेल्यांसाठी सरकार निधी ठेवतं. उपचार, समुपदेशन, पुन्हा उभं राहायला मदत, सगळं त्यातून होतं. या बाईचा अर्ज त्यांनीच दवाखान्यात भरून घेतला होता. डॉक्टरांचं म्हणणं होतं की शस्त्रक्रिया आणखी लांबली तर बोटं कायमची ताठ राहतील.

"साहेब, सोमवारी नगरला सुनावणीची शेवटची तारीख आहे. ती आली नाही तर अर्ज निकाली निघेल. दोन नोटिसा तुमच्याच ठाण्यातून परत आल्यात. शेरा एकच, मिळून आली नाही."

मी कागद मागवले. अक्षर हवालदाराचं, खाली सही माझी. हा आमचा हवालदार म्हणजे अजब माणूस. चालताना धापा टाकायचा, पण एका चोराचा माग काढत गुजरातपर्यंत गेला आणि तिथून चोरासोबत ढोकळाही घेऊन आला. मी त्याला समोर उभं केलं.

"घराला कुलूप हुतं, साहेब."

"मग?"

"मग लिवलं, मिळून आली न्हाई."

"आरोपीच्या घराला कुलूप असतं तर?"

दिवाळीनंतर सगळे ऊसतोडीला जातात आणि त्या गावात कुत्रं आणि म्हातारी माणसं सोडून कोणी राहत नाही, हे आम्हा दोघांना पाठ होतं.

त्या दिवशी शुक्रवार. आम्ही त्या बाईचा शोध फरारी आरोपीसारखा सुरू केला. शेजारच्या म्हातारीने तिच्या ऊसतोड टोळीच्या मुकादमाचं नाव सांगितलं. मुकादम नवे मजूर न्यायला गावी आला होता, त्याला ठाण्यात बोलावलं. तो कसलेल्या गुन्हेगारासारखा सगळ्याला नाही म्हणत राहिला. माझा अनुभव असा की माणूस मारापेक्षा नुकसानीला जास्त भितो. याला भीती होती की आम्ही टोळीतलं माणूस उचलणार आणि तोड थांबणार. मी आवाज चढवला नाही. चहा मागवला आणि त्याच्याकडे बघत बसलो. तिसऱ्या कपाला तो वैतागला.

"कोन्त्या गुन्ह्यात हवीय ती?"

"गुन्ह्यात नाही. तिच्या हातावर उपचार करायचेत."

त्याला माझं बोलणं पटलं नाही. "पोलीस कवापासून हात बरे करायला लागले? आन तिला कोयतासुदिक धरता येत न्हाई, संगमनेरात नुसती टोळीचा सैपाक करती. ती काय कामाची तुमाला?"

बोलून गेला आणि जीभ चावली. पण मला गाव मिळालं होतं.

शनिवारी सकाळी संगमनेरकडे निघालो. हवालदार स्वतःहून पुढच्या सीटवर बसला आणि वाटेत एकदाही खायला थांबा म्हणाला नाही, यावरून त्याची अवस्था कळावी. उसाच्या फडाजवळ मजुरांच्या कोप्या होत्या, वाळल्या पाचटाच्या झोपड्या. गाडी पाहताच बाई बैलगाडीआड लपली, नवरा हात जोडून पुढे आला. समजूत घालता घालता माझ्या तीस वर्षांच्या नोकरीतलं सगळं कसब पणाला लागलं. शेवटी ती बाहेर आली. उजवा हात पदरात गुंडाळलेला.

"चोर तीन दिसांत घावला, साहेब," ती म्हणाली, "आन मी दोन म्हैनं घावले न्हाई? मी काय चोरापरीस हुशार हाय?"

हवालदाराने मान खाली घालून कबूल केलं की ताई, ते मीच लिवलं. मीही पुढे होऊन सांगितलं की सही माझी होती. तिने आधी त्याला, मग मला न्याहाळलं.

"हात बरा हू द्या, हवालदार भाऊ. तुमाला धपाटाच घालते."

सोमवारी ती नगरला हजर होती. मदत मंजूर झाली, शस्त्रक्रिया झाली. मग बोटांचे व्यायाम. शिवाय बाजाराच्या रस्त्याने एकटीने जायला ती धजत नव्हती, त्यासाठी समुपदेशक बाई. हे सगळं सरकारी निधीतून झालं. आमचं काम एवढंच होतं की माणूस तिथवर पोचवायचं, आणि तेवढंच आम्ही विसरलो होतो.

त्यानंतर निवृत्तीपर्यंत माझ्या ठाण्यात एक नियम होता. 'मिळून आली नाही' असं लिहायचं असेल तर पुढच्या ओळीत कुठे गेली तेही लिहायचं. नाहीतर सही मिळणार नाही. पहिले काही दिवस हवालदार मंडळी कुरकुरली. मग मुकादमांचे नंबर भिंतीवर लागले आणि नोटिसा संगमनेरच काय, पार कर्नाटकापर्यंत पोचू लागल्या.

पुढच्या पावसाळ्यात ती ठाण्यात आली आणि हवालदाराला हाक मारली. तो बिचारा खरोखर पाठ वळवून उभा राहिला. तिने त्याच्या टेबलावर डबा ठेवला. आत धपाटे. ज्वारीचे, तिळाचे, ओल्या फडक्यावर तिने स्वतः थापलेले.

मी एक उचलून उजेडात धरला. नोकरीत हजारो ठसे पाहिले, पण एवढा स्वच्छ नमुना कधी मिळाला नव्हता. चार बोटं ठसठशीत उमटलेली. करंगळीचा ठसा तेवढा जरा फिकट होता.

"ती बी येईल," ती म्हणाली. "खा आता."