दाबताक्षणी भोंगा

"खेळाचा प्राण आवाजात असतो," अण्णासाहेब म्हणाले. खोलीतल्या सगळ्यांनी गंभीरपणे माना हलवल्या. मीही हलवली. अण्णासाहेब सोलापुरातल्या एका कापड गिरणीचे लेबर ऑफिसर आणि गिरणीने भरवलेल्या कबड्डी स्पर्धेचे अध्यक्ष होते. एकही सामना त्यांनी शेवटपर्यंत पाहिलेला नव्हता. मध्यंतरानंतर ते सत्काराचे हार ताजे आहेत ना, हे बघायला जात.

दुष्काळ सरून दोन-एक वर्षं झाली होती. नवी पेठेत माझं रेडिओ दुरुस्तीचं दुकान होतं. लग्नं, सभा, उरूस यांना लाउडस्पीकर पुरवायचा जोडधंदाही होता. त्यात दस्तगीर माझा भागीदार. शिडीवर चढून कर्णे बांधणं आणि गिऱ्हाइकाला तोंडावर खरं सांगणं, ही दोन कामं त्याच्याकडे होती.

अण्णासाहेब नुकतेच मुंबईला जाऊन आले होते. तिथे हॉकीच्या सामन्यात गोल झाल्याबरोबर बिगूल वाजला म्हणे.

"बरोबर म्हणजे बरोबर, हिरेमठ. इकडे गोल, तिकडे बिगूल. मध्ये फट नाही. मला तसं पाहिजे. गुण मिळाला की तुतारी, लोण चढला की ताशा, आणि वेळ संपली की आपल्या गिरणीचा भोंगा."

"भोंगा टेपवर?"

"टेपवर. मैदानभर घुमला पाहिजे. स्पर्धा कोणाची आहे, हे लोकांच्या छातीत भरलं पाहिजे."

मुख्य पंच गायकवाड मास्तर शेजारी बसले होते. शाळेत ड्रिल शिकवणारे, कमी बोलणारे गृहस्थ. त्यांनी हात वर केला. कबड्डीत चढाईला गेलेल्या खेळाडूने एका श्वासात 'कबड्डी कबड्डी' म्हणत राहायचं असतं. त्याला दम म्हणतात. दम तुटला की खेळाडू बाद.

"अण्णासाहेब, मी दम ऐकू का तुमची तुतारी ऐकू?"

तुतारी आणि ताशा तिथेच गेले. भोंगा राहिला. तोही फक्त अंतिम सामन्यात, फक्त शेवटी. मध्यंतराला नेहमीची शिट्टी. "मोलाची गोष्ट एकदाच दाखवावी," असं म्हणून अण्णासाहेबांनी माघारीलाही थोडी शोभा आणली.

लोकांना वाटतं, बटण दाबलं की आवाज येतो. त्या काळी तसं नव्हतं. बटण दाबलं की मोटर जागी होत असे, पट्टा ताणला जात असे, मग चाक फिरे आणि मग कधीतरी आवाज. गाणी लावताना कोणाला कळत नाही. वेळ संपल्याची खूण करायची तर तेवढ्या उशिरात माणूस बाद होऊ शकतो.

मी पहिल्यांदा रेकॉर्ड प्लेअर पाहिला. ओळखीच्या दुकानदाराने परदेशी कारखान्याच्या भोंग्याची एक तबकडी काढून दिली. दस्तगीरने ती डोळे मिटून ऐकली.

"ये तो अँब्युलन्स हय, साब."

शिवाय मैदानालगतच्या लाकडी मंचावर कोणी जोरात पाय आपटला की सुई उडत होती. आणि कबड्डीच्या सामन्यात पाय आपटायचं थांबा, असं कोणाला सांगणार?

मग कॅसेट रेकॉर्डर. तो तेव्हा नवीन होता, लोक हातात धरून मिरवायचे. दिसायला सुबक. पण बटण दाबलं की झोपेतून उठवलेल्या माणसासारखा आधी 'व्वांव' करायचा आणि मग सूर धरायचा. कर्ण्यातून तो आवाज ऐकून दस्तगीर म्हणाला, "भोंगा बीमार हय."

शेवटी स्पूलचा मोठा टेपरेकॉर्डर निवडला. उचलायला दोन माणसं लागायची. पण त्याला एक लिव्हर होता. फीत ओढणारी दांडी आधीपासून पूर्ण वेगाने फिरत ठेवायची आणि लिव्हरने फीत तिच्यापासून किंचित दूर धरायची. लिव्हर सोडला की रबरी चाक फितीला दांडीवर दाबतं आणि ती तत्क्षणी पळायला लागते. मोटर जागी होण्याची भानगडच नाही. फितीवरचा हवा तो आवाज टेपच्या 'हेड'पुढे अगदी चिकटून उभा केला, की सोडल्याबरोबर बाहेर.

भोंगा मी गिरणीसमोरच्या एका घराच्या गच्चीवरून रेकॉर्ड केला. ऐकताना एक अडचण लक्षात आली. खरा भोंगा एकदम वाजत नाही. आधी घसा साफ करतो, गुरगुरतो, मग हळूहळू चढत जातो. जन्मभर रोज ऐकूनही मी हे कधी नीट ऐकलं नव्हतं. अण्णासाहेबांना फट नको होती. मी ब्लेडने फितीतली गुरगुर कापून टाकली आणि भोंगा जिथे पूर्ण जोरात होता, तिथून पुढची फीत जोडली. आता तो थेट माथ्यावरून सुरू होत होता.

सामन्याच्या आदल्या दिवशी आम्ही चाचणी घेतली. गिरणीच्या ऑफिसातले दोन-तीन जण टाय लावून आले होते. मी लिव्हर सोडला. मैदान हादरलं. ऑफिसवाल्यांनी टाळ्या वाजवल्या. तिकडे फक्कीने मध्यरेषा आखणारा म्हातारा मात्र डबा खाली ठेवून चालायला लागला होता. तो गिरणीतून रिटायर झालेला माणूस.

"काका, कुठं निघालात?" मी ओरडलो.

तो थबकला. "अरे हां," म्हणून परत आला आणि उरलेली रेषा आखू लागला. आम्ही सगळे हसलो. त्याचा अर्थ मात्र कोणी लावला नाही.

त्याच संध्याकाळी सिद्राम अण्णासाहेबांना भेटायला मैदानावर आला. अंतिम सामना गिरणीचा संघ आणि एका पेठेतल्या तरुण मंडळाचा संघ यांच्यात होता. सिद्राम मंडळाचा चढाईपटू. शिडशिडीत, पायात स्प्रिंग बसवल्यासारखा. गिरणीतच कामाला होता, पण बदली म्हणून. बदली कामगाराला रोजचं काम नसतं. एक पाळी सुटून दुसरी सुरू होण्याचा भोंगा झाला की त्याने गेटवर धावायचं. कायम कामगारांपैकी कोणी आला नसेल तर त्याच्या जागी, जो पुढे असेल त्याला आत घेतात. बाकीचे घरी परत. सिद्राम तीन वर्षं असा धावत होता.

"साहेब, अक्कलकोटच्या बाजूला सोयरीक बगितलीय माजी," तो म्हणाला. "पोरीचा बाप म्हन्तो, कायम हाय का? मी काय सांगू?"

"उद्या खेळ दाखव. बघू," अण्णासाहेब म्हणाले.

"बगू म्हंजी साहेब?"

"बघू म्हणजे बघू."

तो गेल्यावर अण्णासाहेब माझ्याकडे वळले. "गुणी मुलगा आहे. पण उद्या आपल्याच संघाविरुद्ध आहे." त्या वाक्याचा पुढचा भाग त्यांनी उच्चारला नाही. ते शब्दाचे पक्के होते, म्हणून शब्द काढताना जपत.

अंतिम सामन्याला मैदान भरलं होतं. पहिली पाळी सुटून आलेले कामगार डबे मांडीवर घेऊन बसले होते. गिरणीच्या संघातले सातही जण विणकाम खात्यातले, कायम नोकरीचे, दणकट. कप्तान मारुती. त्याने घोटा धरला की तो सोडवायला डॉक्टर लागतो, असं लोक म्हणत.

शेवटाकडे गिरणी दोन गुणांनी पुढे होती. माझ्यासमोर फीत ताणून उभी. बोट लिव्हरवर, नजर वेळ लावणाऱ्या पंचाच्या लाल निशाणावर. सिद्राम शेवटच्या चढाईला गेला.

त्याने एकाला स्पर्श केला आणि वळला. मारुतीने झेप घेऊन त्याचा घोटा धरला. दुसऱ्याने कंबर धरली, तिसरा-चौथा वर पडले. सिद्राम मध्यरेषेपासून दोन हात अंतरावर, छातीवर आडवा. दम चालू होता, पण बारीक होत चालला होता. कबड्डी, कबड्डी. माझ्या मनात त्याच्या होणाऱ्या सासऱ्याचा प्रश्न आला, आणि निशाण खाली आलं.

मी लिव्हर सोडला. मध्ये फट नव्हती.

पुढचं सांगायला जेवढा वेळ लागतो तेवढासुद्धा घडायला लागला नाही. भोंगा झाला आणि मारुतीच्या हातातून घोटा सुटला. कंबर धरणाऱ्याचे हात उघडले. वरचे दोघे उठून बसले. भोंगा झाला की चालत्या मागावरचा हात निघतो, ही त्यांची वर्षानुवर्षांची सवय. सिद्रामची सवय वेगळी होती. भोंगा झाला की बदलीने धावायचं. तो उठला आणि धावला. तोंडात कबड्डी चालूच. मध्यरेषा ओलांडली, स्वतःचं अंगण ओलांडलं, लोकांच्या रांगांतून वाट काढली आणि मंडपाच्या कमानीपाशी जाऊन थांबला. तिथे गेट नव्हतं. त्याने मागे वळून पाहिलं. निम्मे प्रेक्षक डबे घेऊन उभे होते.

गायकवाड मास्तरांनी शिट्टी वाजवली आणि बोटं दाखवली. ज्यांनी ज्यांनी सिद्रामला धरलं होतं, ते सगळे बाद. मंडळ जिंकलं.

मारुती धावत आला. "मास्तर, भोंगा झाला की! टाइम संपला!"

"वेळ संपली तरी चालू चढाई पुरी होऊ देतात, मारुती. नियम आहे."

"पर भोंगा झाल्यावर हात ठिवायचा कसा?"

"नियमात भोंगा नाही," मास्तर म्हणाले. "दम चालू होता. मी ऐकला. तुमच्या त्या आवाजातसुद्धा ऐकला." शेवटचं वाक्य त्यांनी अण्णासाहेबांकडे बघून म्हटलं.

अण्णासाहेब माझ्याकडे आले. चेहरा शोकसभेला निघाल्यासारखा.

"हिरेमठ, तुम्ही लवकर वाजवलंत का?"

"नाही साहेब. निशाण पडलं आणि वाजवलं."

"मग थोडा उशीर का नाही केलात?"

"उशीर होऊ नये म्हणून तर मशीन निवडलं, साहेब."

दस्तगीर शिडीवरून खाली बघत होता. "हौ साब. फट नक्को बोले थे ना तुम."

अण्णासाहेबांनी ढाल मंडळाला दिली. भाषणात खेळाचा प्राण खिलाडूवृत्तीत असतो, असं सांगितलं. आवाजाचा उल्लेख केला नाही. ऐकायला फार लोक उरले नव्हते. डबे घेऊन उठलेले बरेच जण सवयीने घरी गेले होते.

सिद्राम कायम झाला. अण्णासाहेबांनी 'बघू' म्हटलं होतं, म्हणून नव्हे. मारुती ऑफिसात जाऊन म्हणाला, "साहेब, ह्याला आत घ्या. न्हाईतर फुडल्या साली पुन्ना त्याच्या पायाशी लोळायचं." अण्णासाहेबांना युक्तिवाद पटला. अक्कलकोटच्या बाजूला लग्न झालं, लाउडस्पीकर आमचाच होता. सिद्रामने मांडवात मला बाजूला घेतलं.

"सायेब, खरं सांगू? मला वाटलं गेट उगडलं."

"दम कसा राहिला मग?"

"त्येचं ध्यान न्हवतं. पळताना त्वांड चालूच ऱ्हायलं."

यंत्र निवडताना मी आवाज किती लवकर बाहेर पडतो, ते पाहिलं होतं. तो ऐकून लोक काय करतील, हे मैदानातल्या निम्म्या माणसांना विचारता आलं असतं. मी ऑफिसवाल्यांच्या टाळ्या ऐकल्या आणि फक्कीवाल्या काकांवर हसलो. जी गुरगुर मी ब्लेडने कापून फेकली, ती माणसांना विचार करायला दिलेली सवड होती. त्यानंतर कोणतंही उपकरण घेताना मी ते वेगवेगळ्या माणसांपुढे वाजवून बघत आलो आहे. धंद्यात याचा उपयोग झाला.

पुढच्या वर्षी गिरणीने खेळांवरचा खर्च बंद केला आणि संघ मोडला. स्पर्धा दुसऱ्या मंडळींनी भरवली, शिट्टीवर. सिद्रामचं जुनं मंडळ पुन्हा अंतिम सामन्यात पोहोचलं आणि त्यांनी त्याला बोलावलं. त्या दिवशी त्याची दुसरी पाळी होती. त्याने गेटवर सुट्टी मागितली. मिळाली नाही. त्याच्या जागी उभा करायला बदली नव्हता. सगळे बदली सामना पाहायला गेले होते.